तालमीची खोली

यंदाच्या जत्रेला बायकाही नाटक करणार असं ठरलं, आणि देवळाचा सभामंडप तालमीसाठी पुरुषांनी आधीच धरून ठेवल्याचं कळलं. चोपडे गावच्या त्या सगळ्या बायका मग सुमंगलेच्या घराची खालची खोली बघायला आल्या आणि नाकाला पदर लावून परत वर गेल्या.

घर डोंगराच्या उतारावर. खालच्या खोलीची मागची भिंत मातीत गाडलेली, पावसाळाभर पाझरायची. सुमंगलेने रंग देऊन पाहिला होता, गिलावा करून पाहिला होता. चतुर्थीच्या आत दोन्ही गळून पडत.

"माझ्या बापाशीक सुद्धा ही भिंत सुकवूक जमली नाय," तिचा नवरा सगुण म्हणाला. फेरीबोटीवरची नोकरी संपवून तो आता घरीच असे.

"तेंनी ती कधी भायरसून बघितली?" सुमंगलेने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपून बायका मागच्या दारी जमल्या. क्षमा नाटकात सेनापती होती, म्हणून खणायची पिकास तिनेच घेतली. भिंतीला टेकलेली माती त्या खणत गेल्या आणि खणता खणता संवाद पाठ करत गेल्या. वयाने सगळ्यांत मोठी विमला राणीचं काम करणार होती. ती अडखळली की चरातून कुणीतरी शब्द सुचवी. वाटेने जाणारे थांबून विचारत, कुणाचं भांडण लागलंय म्हणून.

चर खोल जात पायाच्या चिऱ्यांपर्यंत पोचला. चिरे ऐन वैशाखातही ओलेच होते. त्या दिवशी सगुण लुंगी वर खोचून खाली उतरला आणि मातीची पाटी उचलू लागला. त्याची अट एकच होती, त्याला संवाद म्हणायला लावायचे नाहीत.

भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. चराच्या तळाशी भोकांचा पाइप घालून त्यावर खडी पसरली, आणि पाइपाचं तोंड खालच्या माडांकडे काढून दिलं. आतून चुना लावला.

मृगाच्या सरींत भिंतीचं काही सांगता येईना. आषाढात मात्र आठवडाभर पावसाने उसंत दिली नाही. पाइपातलं पाणी धो धो माडांच्या मुळाशी पडत होतं. त्याच पावसात पहिली तालीम ठेवली.

सगुण इस्त्रीचा निळा सदरा घालून आला. बसायला खुर्ची नव्हती. तो खाली बसला, क्षणभर थांबला आणि मागच्या भिंतीला सरळ टेकला. लढाई झाली, राणी रडली, सेनापती पडला. तो हलला नाही.

तालीम संपून तो उठला, तशा सगळ्याजणी त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. सदरा कोरडा होता. त्यावर फक्त चुन्याचा मोठा पांढरा पट्टा उमटला होता. क्षमाने तो झटकायला हात उचलला.

"झाडू नको," सुमंगला तिचा हात धरत म्हणाली. "तेंका असंच छत्री घेऊन देवळाकडे, बाप्यांच्या तालमीत, एक फेरी मारून येऊ दे."