कामेनारचा पोस्कोक

बार्तुलने पेट्रोलच्या डब्याचं झाकण काढलं, तेवढ्यात नेवेना धापा टाकत चढण चढून आली आणि दगडांच्या राशीपुढे आडवी उभी राहिली.

“काका, थांबा!”

“बाजूला हो पोरी. बूट चांगले आहेत तुझे, उगाच जळतील.”

त्याच्यामागे अर्धं कामेनार गाव गोळा झालं होतं. त्या राशीत हिवाळाभर पोस्कोक दडून राहत. नाकावर इवलंसं शिंग असलेला, घोणसाच्या जातीचा विषारी साप. हवा तापली की ते बाहेर पडत आणि गडग्यांवर ऊन खात पसरत. त्यातलाच एक बार्तुलच्या मेहुण्याला, येरकोला, हाताला चावला होता. गावकऱ्यांनी त्याच्या दंडाला पट्टा आवळला, जखम चाकूने चिरली, तिच्यावर राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, ओतली आणि उरलेली बाटली त्यालाच पाजली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, सापापेक्षा तुमच्या उपचारांनीच जास्त घोळ केलाय. येरको वाचला. राग मात्र सापावरच निघाला.

नेवेना सापांच्या विषावर काम करायची. तीन देशांतल्या प्रयोगशाळा मिळून ठिकठिकाणच्या पोस्कोकांचं विष तपासत होत्या. मुलूख बदलला की विषाचा गुण बदलतो, आणि त्यावरचं औषध तर सगळीकडे लागू पडायला हवं. ती साप धरायची, विष काढून घ्यायची आणि साप जिथला तिथे सोडून द्यायची. शिवाय गावोगाव पत्रकं वाटायची: साप मारू नका, चावलाच तर काय करा, काय करू नका. कामेनारमध्ये त्या पत्रकांत बायका चीज गुंडाळत.

आजही तिने सगळं पुन्हा सांगून पाहिलं. हात जोडले. कोणी ऐकेना. शेवटी तिचं डोकं फिरलं.

“जाळा तर जाळा! मी जाते पलीकडे व्रबित्साला. तसंही तिथले लोक म्हणतात, त्यांचा पोस्कोक जास्त जहाल!”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

डोंगरापलीकडच्या व्रबित्सापुढे कामेनारचं कशातच काही चालत नसे. डांबरी रस्ता आधी तिकडे झाला. पाद्रीबाबांचं घर तिकडे. लोखंडी गोळे फेकायच्या खेळात तर दरवर्षी हार ठरलेली, आणि वर त्यांची गाणी ऐकत घरी यायचं.

बार्तुलने डबा खाली ठेवला. “कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“त्यांचा साप!” बार्तुल थुंकला. “त्यांचा साप चावला तर माणसाला खाज सुटते, खाज!”

“आणि मी मरणाच्या दारात जाऊन आलो, तो काय सर्दीने?” येरको मागून ओरडला.

“ओरडू नका हो,” त्याची बायको त्स्विता म्हणाली. “डॉक्टरीणबाई, याचा निकाल लागायचा कसा, ते सांगा.”

“विष तपासून,” नेवेना म्हणाली. “पण मेलेल्या सापाचा मला उपयोग नाही. जिवंत हवेत, दोन्हीकडचे, आणि पुष्कळ. वर्ष तरी जाईल.”

“घे की वर्ष,” बार्तुल म्हणाला. “पण मोजमाप नीट कर.”

त्या वर्षी कामेनारमध्ये एकाही सापावर काठी पडली नाही. पोस्कोक कुठे ऊन खात बसतात, ते बार्तुल लांबूनच बोट दाखवून सांगे. गावाच्या तोंडाशी पाटी लागली: ‘जपून चाला. इथे खरा पोस्कोक राहतो.’ येरको तर शाळेत जाऊन व्याख्यान देऊ लागला. “पट्टा नाही, चाकू नाही, राकिया नाही. राकिया बरं झाल्यावर! अंगठी काढायची, हात हलवायचा नाही, आणि सरळ इस्पितळ गाठायचं.” बायका बूट घातल्याशिवाय द्राक्षांच्या मळ्यात पाऊल टाकीनात. दगड उचलायचा तर आधी काठीने ठोकून बघत. तो उन्हाळा सरला, पण साप कोणालाच चावला नाही.

मग निकाल आला. नेवेनाने तो वाचला आणि लगेच फोन उचलला.

“स्पष्ट सांगू नकोस,” ल्युब्लियानाच्या प्रयोगशाळेतला तिचा सहकारी फोनवर म्हणाला. “अजून तपासणी चालू आहे म्हण. नाहीतर उद्याच आग लावतील.”

“त्यांनी वर्षभर माझ्या शब्दावर दम धरलाय रे,” ती म्हणाली. “आता खोटं कुठल्या तोंडाने बोलू?”

रविवारी प्रार्थना आटोपली आणि अख्खं गाव तुतीच्या झाडाखाली जमलं. बार्तुल लग्नातला कोट घालून आला होता.

“हं, बोल,” तो म्हणाला.

“काका, दोन्हीकडचं विष एकच निघालं. तीळभरही फरक नाही.” नेवेनाने कागद पुढे केला. “फरक असणार कसा? ते दोन वेगळे साप नाहीतच. एकच कूळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते डोंगरावरून इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे होतात.”

येरकोचा चेहरा पडला. बार्तुल खाली मान घालून बसला. त्याची मान लाल होत चालली. नेवेनाला वाटलं, संपलं सगळं.

बार्तुल सावकाश उठला.

“म्हणजे व्रबित्साला फिरतात, तेही आमचेच?”

“तसं… म्हणायला हरकत नाही.”

बार्तुलने टोपी डोक्यावर चढवली.

“मग उठा रे सगळे! आत्ताच्या आत्ता व्रबित्साला चला. आमच्या सापांना तिकडे कोणी हात तर लावत नाही ना, बघून येऊ!”