शुद्ध मराठीची तबकडी

चिंताकीच्या शाळेत किशनराव मास्तरांची सारी उमर उर्दूत शिकवण्यात गेली. मग निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, आणि पोरांच्या कानावर शुद्ध मराठी पडावी म्हणून बीदरहून ग्रामोफोन आला. सोबत कवितेची एकच तबकडी.

"आपल्या मराठीला काय कीड लागलीय व्हय? आता ह्या डबड्याकडून बोलाय शिकायचं!" मास्तर रोज करवादायचे. कधी सुई घसरायची, कधी तबकडी नुसतीच खरखरायची. त्यात चावी जास्त दिली की आतली स्प्रिंग तुटते, अशी शाळा तपासणाऱ्या साहेबांची तंबी. म्हणून मास्तर हँडल जीव मुठीत धरून जरासंच फिरवायचे. तरी दात-ओठ खात त्यांनी ती कविता पोरांकडून घोटून घेतली.

तपासणीला साहेब आले. "यंत्र राहू द्या मास्तर, पोरांच्या तोंडून ऐकू."

वर्ग एका सुरात सुरू झाला. काय ते उच्चार! साहेब मान डोलवू लागले. मास्तरांनी पहिल्यांदाच त्या डबड्याला मनोमन हात जोडले.

तिसऱ्या कडव्याला मात्र साऱ्या वर्गाचा आवाज एकदम जड झाला. शब्द लांबत लांबत गेले, आणि पोरं तोंडं उघडी ठेवून गप्प झाली.

"कामून थांबलाव रे? म्हणा की पुढं!" मास्तर खेकसले.

पुढच्या रांगेतली शरणम्मा हळूच म्हणाली,



"आधी चावी तर द्या की, मास्तर!"