काउंटरचा पाव

"रागावू नकोस हं," मास्तरीणबाई पावाची पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "पण तुझ्या हाताला तुझ्या वडिलांपेक्षा चव आहे."

महिन्याभरात असं म्हणणारं हे पाचवं-सहावं गिऱ्हाईक. बेकरीवाल्याची मुलगी दर वेळी नुसती हसायची. बाप गेला की गल्लीतली माणसं लेकीशी चार शब्द गोड बोलतात, एवढंच ते, असं तिने धरलं होतं. तरी टोचायचं.

"काय बदललंस गं?"

"काही नाही, बाई. सगळं बाबांचंच आहे."

टोस्टचा ट्रे निघायला अवकाश होता. बाई बाकावर टेकल्या.

तेवढ्यात फ्लोअर मिलचे खरेदीसाहेब आले. मिलच्या कॅन्टीनला रोज चारशे पाव या बेकरीतून जात, आणि दर सोमवारी मिलची पोती बेकरीत येत. बारा वर्षं हा शिरस्ता. साहेबांनी पिशवीतून एक पाव काढून काउंटरवर ठेवला.

"ताई, हा खाऊन बघा."

तिने तुकडा मोडला. घट्ट, किंचित आंबूस, कडेला चिवट. "असाच तर असतो."

"असाच? अहो, तुमच्या वडिलांचा पाव म्हणजे कापूस! आमचे हमाल आता हा टेबलावर आपटून बघतात. म्हणतात, साहेब, दार वाजलं वाटतं." स्वतःच्याच विनोदावर ते हसले आणि मग खुर्ची पुढे ओढून बसले. "हे बघा, टाळी एका हाताने वाजत नाही. तुम्ही आमचं पीठ घेता म्हणून आम्ही तुमचा पाव घेतो. याला मी धंदा म्हणतच नाही, घरोबा म्हणतो. पण घरोब्यातसुद्धा पाव फुगायला नको का? या आठवड्यात सुधारा. नाहीतर मला दुसरी बेकरी बघावी लागेल. पीठ घ्यायला सगळे तयार आहेत."

उठताना त्यांचा आवाज मऊ झाला. "वडिलांच्या हातात काय होतं, ते शोधा, ताई."

ती आत गेली. भट्टीवाले काका लांब फळीने ट्रे ओढत होते. मालक होते तोवर ते तिला पोरी म्हणायचे. सव्वा महिन्यापासून ताई म्हणत होते.

"काका, मिलच्या पावाला बाबा पीठ कुठलं घ्यायचे?"

काकांनी ट्रे ओट्यावर ठेवला, हात पुसले, परत पुसले.

"बाजारचं. चांगलं."

"आणि मिलचं?"

काकांनी हनुवटीने पुढच्या दाराकडे दाखवलं. दारातून काउंटर दिसत होता, आणि बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरीणबाई.

पीठ बाबा एकटेच भिजवत, पहाटे, काका यायच्या आधी. ते गेल्यावर पहिल्या दिवशी तिने मिलच्या पोत्यांतलं पीठ मिलच्या पावाला घेतलं होतं, आणि बाजारचं काउंटरच्या पावाला. दुसरं काही मनातही आलं नव्हतं.

"बांधलेल्या गिऱ्हाइकाला चांगला माल कोण देतंय?" काका हळू आवाजात म्हणाले. "तळाचं, ओल लागलेलं, सगळं आपल्या गळ्यात. तेच मिलवाल्यांना खायला घातलं असतं तर ऑर्डर कधीच गेली असती. मालक म्हणायचे, गल्लीतली माणसं समजून घेतात."

"त्यांना कुठे काय माहीत होतं समजून घ्यायला?"

काकांनी ट्रेवरचा चुरा फडक्याने झाडला.

"तुम्ही तरी मला सांगायचं."

"मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. म्हटलं, पोरगी बापापेक्षा खमकी निघाली."

भट्टीचं झाकण उघडंच होतं. ती लावायला वळली, आणि हात तसाच ठेवून तिने विचारलं, "घरी पाव कुठला यायचा?"

"काउंटरचा. त्यात मात्र मालकांनी कधी लबाडी केली नाही. मी म्हणायचो, एक चांगला न्या पोरीसाठी. नाहीच म्हणायचे."

रोज सकाळी चहात पाव बुडवून बाबा म्हणायचे, 'पाव कसा घट्ट हवा. चहात पडला तरी तगला पाहिजे.' बारा वर्षं ती त्यावर मान डोलावत आली होती. बाबा गेल्यापासून घरी पाव गेलाच नव्हता.

"उद्याचं कसं करायचं?" काकांनी विचारलं.

"आजच्यासारखंच. साहेबांना मी उद्या सांगते, तुमच्याच पोत्यातलं तुम्हाला देते आहे म्हणून. चांगलं पीठ पाठवा, चांगला पाव न्या."

"ऑर्डर जाईल, पोरी. निम्मी भट्टी थंड होईल. दोन माणसं कमी करावी लागतील, त्यातला एक मीच असेन."

"तुम्हाला नाही जाऊ देणार."

"ते भट्टी ठरवते," काका म्हणाले आणि त्यांनी टोस्टचा ट्रे तिच्या हातात दिला.

मास्तरीणबाईंना तिने टोस्ट बांधून दिले. पुडीला दोरा गुंडाळताना म्हणाली, "बाई, मघाशी विचारलंत ना. पीठ बदललंय."

"हो? आधीचं बरं नव्हतं का गं?"

"नव्हतं."

पुडी पिशवीत ठेवत बाई म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना माहीत होतं?"

"तेही तेच खायचे," ती म्हणाली. थांबली. "हो. माहीत होतं."

साहेबांनी आणलेला पाव अजून काउंटरवर होता, एक तुकडा मोडलेला. तिने तो कागदात गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"अगं, तो कशाला नेतेस?" बाई म्हणाल्या. "ताजा आहे की समोर."

"असू दे," ती म्हणाली. "घरी हाच लागतो."