ट्रेलर कुणी भरला

मागच्या काचेतून शिवांजलीला ट्रेलर दिसत होता. तो आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी जरा जास्त. कासेगाव मागे पडलं होतं, रस्ता उताराला लागला होता आणि शेजारून एक मालट्रक वारा मारत पुढे निघून गेला होता. आता ट्रेलरबरोबर जीपचंही बूड हलायला लागलं.

"ब्रेक मार की रं!" पुढच्या सीटवरून तिचे सासरे हिंदुराव ओरडले.

जयराजने ब्रेक मारला नाही. स्टेअरिंग सरळ धरलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तेवढा उचलला. हा तिचा धाकटा दीर. लष्करात गाडीमागे तोफा ओढून नेणारा ड्रायव्हर, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला. जीप मंदावत गेली. ट्रेलर दोनदा डुलला, आणखी एकदा डुलला आणि मग मुकाट मागून येऊ लागला.

शिवांजलीला भीती वाटली नाही. चौदा महिन्यांत तिला धड भूकही लागली नव्हती, भीती कुठून वाटणार? चौदा महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर, याच ट्रेलरसकट उलटून तिचा नवरा यशराज गेला होता, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. तेही दुसऱ्या कुणाच्या घरची हकीकत असावी तसं.

ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरचं घर. दोन लोखंडी खाटा, गॅसची शेगडी, पाण्याचं बॅरल, खिडकीला फुलांचे पडदे. यशराजने ते मिरजेत बांधून घेतलं आणि कासची फुलं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला. गाव हसलं, पण धंदा चालला. अपघातानंतर दुरुस्त करून आणलेलं ते धूड पत्र्याच्या शेडमध्ये नुसतं उभं होतं. आता साताऱ्यात गिऱ्हाईक मिळालं होतं. नळ चालू आहेत हे दाखवायला बॅरलही काठोकाठ भरून घेतलं होतं. कागदांवर बायकोची सही लागणार, म्हणून शिवांजली बरोबर होती.

यशराजच्या मोबाइलवर अपघाताआधीचा शेवटचा फोन तिचा निघाला होता. बावीस सेकंदांचा. येताना कंदी पेढे आणा, एवढंच ती बोलली होती. तिसऱ्या दिवशी हिंदुराव चारचौघांत म्हणाले, "फोन आला नसता तर माझा पोरगा हातचा गेला नसता." कुणी ते खोडलं नाही. तिनेही ते मान्य करून टाकलं. कुणी तारीख सांगावी आणि आपण कॅलेंडरवर लिहून ठेवावी, इतक्या सहज.

जयराजने जीप कडेला घेतली आणि ट्रेलरचं दार उघडलं. बॅरल, सिलिंडर, दोन्ही खाटा, सगळं मागच्या भिंतीला खेटून होतं.

"ह्ये समदं मागं कुणी ठेवलं?"

"म्या," हिंदुराव म्हणाले. आवाजात थोडी ऐटच होती. चाळीस वर्षं त्यांनी बैलगाडी हाकली होती, आणि गाडी भरावी तर हिंदुरावांनी, असं गाव म्हणायचं. "पुढं वजन झालं की बैलाच्या मानंवर येतंय. निघताना जीपला अडकवायचा हूक उचलून बघितला. एका हातानं उचलतुया."

जयराजने कपाळावर हात मारला. "आबा, ही बैलगाडी न्हवं. हितं वजन पुढंच लागतंय. मागं जड झालं की ट्रेलर शेपूट हलवतुया. आन् तवा ब्रेक मारला की जीपला घिऊनच उलटतुया."

शिवांजली खाली उतरली.

"आबा, त्या दिवशी ट्रेलर कुणी भरला हुता?"

आवाज तिचा तिलाच परका वाटला. घरात ती कुणाला काही विचारत नसे, विचारलेल्याचं उत्तर तेवढं देई.

"म्याच की. एरवी त्योच भरायचा, मला हात लावू द्याचा न्हाई. त्या दिशी त्याला उशीर झाल्ता. म्हटलं, तू भाकरी खा निवांत, म्या भरतो. हूक उचलून दावला त्याला. म्हटलं बघ, कसा एका हातानं..."

हिंदुरावांची नजर हुकाकडे गेली. भरलेलं बॅरल दोघातिघांना हलण्यासारखं नव्हतं, म्हणून जयराज आत चढला आणि त्याने नळ सोडून दिला. पाणी फळीवरून ओघळत डांबराच्या कडेला जाऊ लागलं.

शिवांजलीला राग आला. इतक्या महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं आणि तो राग होता. सासऱ्यांचं ते चारचौघांतलं वाक्य तिला तोंडपाठ होतं. त्यातल्या 'फोन आला नसता'च्या जागी 'ट्रेलर भरला नसता' एवढं घातलं की ते आता त्यांनाच लागू पडत होतं. ती बोलणारच होती.

हिंदुराव रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते. "म्हंजी पोराला म्याच..."

"आबा," ती म्हणाली, "तुमी त्यांच्या चांगल्यासाठीच केलं. तुमचा दोष न्हाई."

चौदा महिन्यांत त्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हटलं नव्हतं.