खिडकी आणि स्पीकर

माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान नदीपलीकडे आहे, त्यामुळे मी रोज शेवटच्या बोटीने घरी येतो. काठ जवळ आला की बोटीवरचा तिकीटवाला स्पीकरवरून सांगतो, "सावकाश उतरा, मंडळी!" आणि त्याच क्षणी आमची ही काठावरच्या आमच्या खिडकीत हजर! वर एकदा मलाच म्हणाली, "काय भारदस्त आवाज आहे हो त्याचा!" तेव्हापासून त्याने तोंड उघडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आज बोटीत चढलो तर तोच म्हणाला, "दादा, स्पीकर नुसता खरखरतोय. बघा ना जरा." उघडून पाहिलं, तर वायरीच्या टोकाला गंज चढला होता. घासून पुन्हा जोडली की काम झालं असतं. मी वायर सोडवून ठेवली आणि तोंड पाडून सांगितलं, "कॉइल जळलीय रे. आता आठवडाभर तरी गप्प बस."

बोट काठाला लागली. खिडकी रिकामी! मी शीळ घालतच घरात शिरलो.

ही दचकलीच.

"अगंबाई, कधी आलात? बोटीवरचा आवाजच आला नाही, म्हणून आज तुम्हाला बघायला खिडकीत यायचं राहूनच गेलं!"