उजवी बाजू वर

"चल, आता माझं भूत कर," माझा नवरा इवाओ हात पसरून म्हणाला. सकाळी तो सामुराई म्हणून लढून मेला होता. जेवणानंतर त्याच सामुराईचं भूत उठणार होतं. आमच्या स्वस्तातल्या सिनेमात किमोनो एकच, आणि कपडेपट म्हणजे मी एकटी. मी फक्त किमोनोची उजवी बाजू डावीवर आणून पट्टा बांधला. आमच्याकडे जपानात जिवंत माणसाची डावी बाजू वर असते, प्रेताची उजवी.

तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, ऊन आहे तोवर सकाळची छपरावरची उडी परत घेऊ. इवाओ तसाच शिडी चढला.

"थांबा, तो अजून प्रेताच्या कपड्यात आहे," मी म्हणाले.

"राहू द्या हो. एवढं कोण बघतंय?"

मी बाजूला झाले. इवाओने वरून हसून मला हात केला. उडी मारली, आणि त्याला धरून ठेवणारी कमरेची तार तुटली.

दवाखान्यात त्याला चादरीने झाकण्याआधी नर्स किमोनो नीट करायला वाकली आणि थांबली.

"उजवी बाजू आधीच वर आहे. कुणी केलं हे?"

"मी," मी म्हणाले.