तोंडाची चव

घरात आम्ही दोघंच. बाबांना एवढा एक पदार्थ जमला, की मी नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायला मोकळी होणार होते. एकाच पॅनमध्ये चिकन आणि भाज्या. आधी बटाटा नि गाजर, मग चिकन, सिमला मिरची शेवटी, वर झाकण, गॅस बारीक. यात अवघड ते काय? पण घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला गॅसवरची वेळ काही साधेना. कधी बटाटा कच्चा, कधी चिकनचा कोळसा. मी चिडायचे, ते मान खाली घालून पॅन घासत बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी! मग मी तिकडच्या साहेबांना पुन्हा फोन करायचे, "सर, अजून थोडे दिवस द्या."

अशातच मी तापाने फणफणले. अंथरुणातून उठवेना. स्वयंपाकघरात झाकण वाजलं आणि थोड्या वेळाने बाबा ताटली घेऊन उशाशी येऊन बसले. बटाटा चमच्याने अलगद तुटत होता, सिमला मिरची हिरवीगार, चिकन लुसलुशीत. मी पहिला घास गिळला आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी नजर चुकवली. "मीठ कमी पडलंय का गं?"

"नाही बाबा. सगळं अगदी बरोबर जमलंय."

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

"तापात तोंडाची चव जाते, बाळा. बरी झालीस की खाऊन बघ. करपलेलंच असेल."